खटाव तालुक्याला आमदार तीन, पण आमचा म्हणावा असा कोण? (मतदारसंघ पुनर्रचना)

पुसेसावळीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, परवा यात्रेला गावी जाऊन आलो आणि आता लिहायलाच बसलो. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव खटाव तालुक्यात, पुसेसावळी भागात. तहसील वडूजला, पंचायत समिती वडूजला, उत्पन्नाच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळ्याला वडूज. पण मत आम्ही देतो कराड उत्तरला. आमचे पाहुणे पुसेगावात, ते मत देतात कोरेगावला. आणि खुद्द वडूज, मायणी हे माण मतदारसंघात. तालुका एक आणि आमदार तीन. बाहेरच्या माणसाला वाटतं बरंच आहे की, तीन ठिकाणचा निधी येत असेल. आमच्या चुलत्यांना विचारा काय येतं ते. आमच्या गावाकडनं शेजारच्या गावाला जो रस्ता जातो तिथं मधे मतदारसंघाची हद्द आहे, जमिनीवर काही रेघ मारलेली नाही, पण डांबर कुठं संपतं त्यावरनं लहान पोरगंसुद्धा हद्द दाखवतंय. आमच्या बाजूनं ओढ्यापर्यंत डांबर आलं, पलीकडनं देवळापर्यंत आलं, मधला पाऊण किलोमीटर तसाच राहिला, खडी पसरली होती ती पण आता मातीत गेली. चुलते ७४ वर्षांचे. पावसाळ्यात एमएटी गाडी रुतते म्हणून ओढ्यापाशी लावतात आणि दुधाचा कॅन हातात धरून पलीकडच्या डेअरीवर चालत जातात. दोन्हीकडं अर्ज दिले, दोन्हीकडनं उत्तर एकच, तो तुकडा आमच्याकडं येत नाही.

२००४ च्या निवडणुकीपर्यंत खटाव हा स्वतंत्र मतदारसंघ होता. सातारा जिल्ह्यात तेव्हा १० आमदार: फलटण, माण, खटाव, कोरेगाव, वाई, जावळी, सातारा, पाटण, कराड उत्तर आणि कराड दक्षिण. २००८ ला पुनर्रचना झाली, २००९ ला त्यावर पहिली निवडणूक झाली आणि खटाव, जावळी ही दोन नावं यादीतनं गेली. राहिले ८. सांगलीत ९ होते तिथं पण ८ झाले. दोन्ही जिल्हे मिळून १९ चे १६.

आता पुढची पुनर्रचना डोक्यावर आलीय. मला विचारायचंय की हे आकडे ठरतात कसे, आपले अजून कमी होणार का, आणि एक अख्खा तालुका तिघांत वाटला जाऊ नये म्हणून आपण साध्या माणसांनी काही करू शकतो का? जाणकारांनी लिहावं.

अण्णा_निवृत्त_तलाठी

पुसेसावळीकर, चांगला विषय काढलात. मी नोकरीत असताना २००१ च्या जनगणनेचं काम केलेलं आहे म्हणून हिशोब सांगतो, वही काढून बघा.

विधानसभेच्या जागा १९७८ पासून २८८ च आहेत. त्याआधी १९६२ ला २६४ होत्या, मग २७०. जागांची एकूण संख्या १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं गोठवली, आणि ८४ व्या दुरुस्तीनं ते गोठवणं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं. म्हणून २००८ ला एकूण २८८ ला हात लावला नाही, फक्त आतल्या रेषा २००१ च्या लोकसंख्येवर नव्यानं आखल्या. कुणाच्या वाढल्या तर कुणाच्या तरी कमी होणारच, कारण ताटातली भाकरी तेवढीच.

महाराष्ट्राची २००१ ची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. भागिले २८८, म्हणजे एका आमदारामागं ३ लाख ३६ हजार. सातारा जिल्हा २८ लाख ९ हजार, भागून बघा, ८.३५ येतात. सांगली २५ लाख ८३ हजार, ७.६८ येतात. दोन्हीला ८ मिळाले. ह्यात कुणी आपल्यावर राग धरला असं नाही. पुणे जिल्हा तेव्हाच ७२ लाखांवर गेलेला, तिथं १८ चे २१ झाले. ठाणे जिल्ह्यात (पालघर तेव्हा त्यातच) १३ चे २४ झाले. आपली पोरं तिकडं गेली आणि त्यांच्यामागं जागा गेल्या.

आता पुढचं ऐका. २०११ ला राज्य ११ कोटी २३ लाख, भागाकार ३ लाख ९० हजार. सातारा ३० लाख ३ हजार, ७.७ येतात. सांगली २८ लाख २२ हजार, ७.२३. म्हणजे एकूण २८८ च ठेवले तर २०११ च्या आकड्यावरच सांगलीची एक जागा जाते, आणि पुढच्या जनगणनेत पुणे-ठाणे अजून फुगलेले असणार. एकूण संख्या वाढवली तर गोष्ट वेगळी, घटनेच्या कलम १७० प्रमाणं विधानसभा ५०० पर्यंत असू शकते.

जत_पूर्वभाग

काका आकडे बरोबर आहेत तुमचे, वाद नाही. पण माझं म्हणणं ऐकून घ्या.

राज्यात मतदारसंघांना नंबर आहेत. १ नंबर अक्कलकुवा, नंदुरबारात. तिथनं सुरू करून विदर्भ, मराठवाडा, नाशिक, मुंबई, पुणे असं फिरत फिरत साताऱ्याला २५५ ते २६२, मग कोकणात उतरून कोल्हापूर, आणि २८१ ते २८८ सांगली. शेवटचा २८८ वा म्हणजे आमचा जत. लहानपणी मला वाटायचं नुसता नंबर आहे त्यात काय एवढं. आता ४० शी आली, आणि पाणी, एसटी, दवाखाना सगळं शेवटीच येतं तेव्हा तो नंबर टोचतो.

जत तालुका क्षेत्रफळानं जिल्ह्यात सगळ्यात मोठा. उमदी, संख, माडग्याळ ह्या बाजूला या कधी, घराघरात कन्नड बोलतात, पाण्याचा टँकर कधी येणार हे बायका कन्नडातच विचारतात. म्हैसाळ योजनेचं पाणी पूर्व भागाला मिळावं म्हणून आमच्या दोन पिढ्या मोर्चे काढत आल्या. २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला तेव्हा कुठं मुंबईत सगळ्यांना आमची आठवण झाली, नाहीतर २८८ व्या मतदारसंघाचं नाव निकालाच्या दिवशी टीव्हीवर सुद्धा सगळ्यात खाली. डोकी मोजून आमदार द्यायचे तर दुष्काळी भागाचे कायम कमीच होणार, कारण पाणी नाही म्हणून माणूस जातो, माणूस गेला म्हणून आमदार कमी होतो, आणि मग पाण्यासाठी भांडायचं कुणी?

चिंचवडचा_सातारकर

जतच्या भाऊंचं दुःख कळतं, मी पण मूळचा पाटणच्या वरल्या अंगाचा. पण दुसरी बाजू पण लिहितो, रागावू नका.

मी २००६ पासून चिंचवडला आहे आणि मतदान इथंच करतो. आमच्या चिंचवड मतदारसंघात मतदार ६ लाखांच्या वर आहेत. सातारा-सांगलीत एकेका मतदारसंघात तीन-सव्वातीन लाखांच्या घरात. म्हणजे गावातल्या माझ्या भावाच्या एका मताचं वजन माझ्या दोन मतांएवढं. आमच्या सोसायटीत पण टँकर येतो, आमच्या पोरांना पण शाळेत ॲडमिशन मिळत नाही, आणि सहा लाख लोकांमागं आमदार एकच. हे पण बरोबर नाही ना? गावाकडून आलेल्या माणसाला शहरात कमी किंमत का असावी? पुनर्रचना व्हायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

गलाईवाला_विटा

मी कोईमतूरला असतो, गलाईचं दुकान. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव इकडची हजारो माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत हे इथं सगळ्यांना माहितीच आहे.

२० नोव्हेंबर २०२४ ला मतदान होतं. आम्ही आमच्या गल्लीतले ११ जण ट्रॅव्हल्सनं निघालो, पुढं गाडी बदलून विट्याला पोचलो ते पहाटे साडेचारला. आईनं चुलीवर पाणी तापवलेलं. आंघोळ करून ७ वाजता शाळेपुढं लायनीत उभा राहिलो, माझ्या पुढं चेन्नईचा एक, मागं वारंगलचा एक, दोघंही गलाईतलेच. शाई लावून बाहेर आलो आणि सरळ थोरल्या भावाच्या शेतावर गेलो, टेंभू योजनेचं पाणी आलेलं बघायला. त्या पाण्यासाठी अनिलभाऊ बाबरांनी काय केलं ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. ते ३१ जानेवारी २०२४ ला गेले, मुदत संपायला वर्षाहून कमी राहिलं होतं म्हणून पोटनिवडणूक लागली नाही आणि आमचा खानापूर मतदारसंघ निवडणुकीपर्यंत आमदाराविना होता. मग सुहास बाबर निवडून आले.

मला सांगायचंय ते हे, माझं मत गावात आहे, रेशनकार्डावर नाव गावात, पण जनगणनेला मला मोजणार कोईमतूरला. बायकोला, पोरांना पण. २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च आहे, तेव्हा आम्ही दुकानावरच असणार. म्हणजे आमचं डोकं तमिळनाडूच्या आमदाराच्या हिशोबात धरणार आणि मत मात्र खानापुरात पडणार. अण्णा, हे असंच असतं का?

अण्णा_निवृत्त_तलाठी

हो, असंच असतं. जिथं नेहमीचं राहणं तिथं मोजतात. घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना मोजतील, तुम्हाला तिकडं. जनगणनेच्या माणसाला खोटं सांगून नाव गावात लावायचं असं कुणी सुचवेल तर ऐकू नका, तो गुन्हा आहे, आणि त्याच आकड्यावर शाळा, दवाखाने पण ठरतात. तुमच्या पोरांची शाळा कोईमतूरला आहे.

जावळीची_लेक

सगळी चर्चा वाचली. मी मेढ्याची. आमची जावळी पण २००८ ला सातारा शहराला जोडली गेली. आता सातारा-जावळीतनं शिवेंद्रसिंहराजे १ लाख ४२ हजारांच्या फरकानं निवडून आले, मंत्री पण झाले, त्याबद्दल काही म्हणणं नाही, रस्ते होतायत. पण पूर्वी जावळीच्या प्रश्नावर जावळीत निवडणूक व्हायची. आता सभा साताऱ्यात गांधी मैदानावर होते, आणि कोयनेकाठच्या बाईला त्या सभेला यायला दिवस मोडावा लागतो.

पण मला जे सगळ्यात जास्त लागतं ते कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. सध्याचे १६ आमदार मोजा. फलटण सचिन पाटील, वाई मकरंद पाटील, कोरेगाव महेश शिंदे, माण जयकुमार गोरे, कराड उत्तर मनोज घोरपडे, कराड दक्षिण अतुल भोसले, पाटण शंभूराज देसाई, सातारा शिवेंद्रसिंहराजे. सांगलीत मिरज सुरेश खाडे, सांगली सुधीर गाडगीळ, इस्लामपूर जयंत पाटील, शिराळा सत्यजित देशमुख, पलूस-कडेगाव विश्वजित कदम, खानापूर सुहास बाबर, तासगाव-कवठेमहांकाळ रोहित पाटील, जत गोपीचंद पडळकर. सोळात एक बाई नाही. एक पण नाही. आर. आर. आबांच्या मागं सुमनताई पाटील २०१५ ची पोटनिवडणूक आणि २०१९ असं दोनदा निवडून आल्या, कोरेगावातनं शालिनीताई पाटील होत्या. आता कुणी नाही. २०२४ ला पूर्ण सभागृहात २८८ मधे २१ बाया निवडून आल्या.

माझी सासू ग्रामपंचायतीत सदस्य होती, नंतर पंचायत समितीत गेली. सुरुवातीला सासऱ्यांच्या मागं बसायची, दुसऱ्या वर्षी स्वतः उठून पाण्याच्या टाकीवर बोलली, गटविकास अधिकाऱ्याला अंदाजपत्रक मागितलं. आरक्षण होतं म्हणून ती तिथं पोचली. विधानसभेला एक तृतीयांश जागा महिलांना द्यायचा कायदा २०२३ ला संसदेत झाला, १०६ वी घटनादुरुस्ती, पण तो लागू होणार जनगणना आणि पुनर्रचना झाल्यावर. म्हणून मला पुनर्रचना हवी आहे. १६ च्या १५ झाल्या तरी चालतील, त्यातल्या ५ बाया असतील तर.

पुसेसावळीकर

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खरंच. फक्त डांबर बघत बसलो होतो मी. धन्यवाद.

मिरजेचा_पंच्याहत्तर

ताईंना पूर्ण पाठिंबा. आरक्षणाचा विषय निघालाच आहे तर एक भर. राज्यात २९ जागा अनुसूचित जातीला आणि २५ जमातीला राखीव. २००८ च्या आधी आपल्याकडं माण आणि जत राखीव होते, ते बदलून फलटण आणि मिरज राखीव झाले. खाडे साहेब २००४ ला जतमधनं आमदार होते आणि २००९ पासून मिरजेत आहेत ते ह्याच बदलामुळं. पुढच्या वेळी हे पण परत बदलू शकतं. आमच्या वस्तीतल्या पोरांना मी हेच सांगतो की राखीव जागा म्हणजे गावाला कायमची लागलेली पाटी नव्हे, ती लोकसंख्येच्या प्रमाणावर हलते, आणि हलली तरी आपण सर्वसाधारण जागेवर पण उभं राहू शकतो. १०-१२ वर्षं एकाच मतदारसंघात काम केलेला कार्यकर्ता आरक्षण बदललं की एका रात्रीत रिकामा होतो हे मात्र डोळ्यांनी बघितलंय, दोन्ही बाजूंनी.

कृष्णाकाठ_वाळवा

तालुका फोडल्याचं दुखणं फक्त खटावचं नाही बरं का. आमच्या वाळवा तालुक्यातली ४८ गावं शिराळा मतदारसंघात आहेत, आणि मिरज तालुक्यातली काही गावं इस्लामपुरात आली. तासगावातलं विसापूर सर्कल (महसूल मंडळ) खानापूरला. वर लोकसभेला इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगल्यात, कोल्हापूरच्या बाजूला. तिकडं साताऱ्यातले फलटण आणि माण माढ्याला. एका लोकसभेत सहा विधानसभा, ४८ सक २८८, हे गणित जुळवायचं म्हणून कुठली तरी गावं इकडं तिकडं ढकलली जातात.

पण एक अनुभव सांगतो. आमची ४८ गावं दोन्ही निवडणुकांत निकाल फिरवू शकतात हे पुढाऱ्यांना कळल्यापासून शिराळ्याचा उमेदवार प्रचाराला आधी आमच्याकडं येतो. तुकडा मोठा असला आणि एकत्र राहिला की त्याला किंमत येते. खटावचे तीन तुकडे पडले म्हणून ताकद गेली असं मला वाटतं, दुसऱ्या मतदारसंघात गेल्यामुळं नाही.

जत_पूर्वभाग

हे पटलं.

चिंचवडचा_सातारकर

साताऱ्यात २०२४ ला ८ पैकी ८ महायुतीचे आले, सांगलीत ५-३. कराड दक्षिणला पृथ्वीराज बाबा ३९ हजारांवर मतांनी पडले, ज्या कराडनं यशवंतराव दिले तिथं. राज्यात २३० महायुतीचे आणि विरोधात सगळ्यात मोठा पक्ष २० चा, एकदशांश म्हणजे २९ कुणाकडंच नाहीत म्हणून विरोधी पक्षनेतेपदाचा तिढा पडला. साताऱ्याला चार मंत्री मिळाले, सांगलीला एकही नाही, पालकमंत्री कोथरूडचे. म्हणजे आमदार किती ह्याच्यापेक्षा ते कुठल्या बाजूला बसलेत ह्यावर जास्त ठरतं का? हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

कृष्णाकाठ_वाळवा

बाजूवर बरंच ठरतं, खरंय. पण बाजू पाच वर्षांनी बदलते. रेषा एकदा आखली की २००९, २०१४, २०१९, २०२४ चार निवडणुका तीच. म्हणून रेषेकडं लक्ष द्या म्हणतो.

पुसेसावळीकर

अण्णा, मग रेषा आखताना आपण नक्की कुठं शिरायचं? प्रक्रिया सांगा.

अण्णा_निवृत्त_तलाठी

सांगतो. संसद आधी पुनर्रचनेचा कायदा करते, मग आयोग नेमला जातो. गेल्या वेळी अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. आयोगात निवृत्त न्यायाधीश, निवडणूक आयोगाचा माणूस आणि राज्य निवडणूक आयुक्त. राज्यातले ५ खासदार आणि ५ आमदार सहयोगी म्हणून बसतात, त्यांना मत नसतं पण बोलायला मिळतं. आयोग आधी मसुदा छापतो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात, मग हरकती मागवतो आणि राज्यात जाहीर सुनावणी घेतो. ही सुनावणी सगळ्यांना खुली असते.

मसुदा आखताना गावं सुटी सुटी उचलत नाहीत, महसूल मंडळ म्हणजे आपलं सर्कल हा मोजायचा दगड. खटाव तालुक्यात फाळणी झाली ती सर्कलवर: वडूज-मायणीची बाजू माणला, पुसेगाव-बुधची कोरेगावला, पुसेसावळी कराड उत्तरला. त्यामुळं हरकत नुसती "आमच्यावर अन्याय झाला" अशी लिहून भागत नाही. कायद्यात भौगोलिक सलगता, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघा असं लिहिलेलंय, त्या शब्दांत लिहायची. अख्ख्या खटावची लोकसंख्या एका मतदारसंघाच्या सरासरीपेक्षा कमी भरणार, म्हणजे तालुका पूर्ण ठेवून शेजारचं कुठलं सर्कल जोडता येईल ते आपणच नकाशावर दाखवायचं. आकड्यासकट पर्याय दिला तर आयोगाच्या टेबलावर त्याला वजन येतं. तुमच्या चुलत्यांचा तो पाऊण किलोमीटर फोटोसकट लावा, लोकांची सोय म्हणजे तेच.

आणि घाई आत्ताच करा. मसुदा आल्यावर दिवस थोडे असतात, गेल्या वेळी आमच्या भागात बहुतेकांना कळलं ते २००९ च्या मतदार स्लिपा हातात आल्यावर.

जावळीची_लेक

जावळीसाठी मी सर्कलनिहाय यादी करायला घेते. आमच्या बचत गटातल्या दोघी कॉम्प्युटरवर काम करतात. सासूबाई म्हणाल्या सुनावणी झाली तर मी बोलणार.

गलाईवाला_विटा

खर्चाला मागं पुढं बघू नका, नकाशे छापायचे असतील तर मला सांगा. विट्यातला माझा भाचा लॅमिनेशनचं दुकान चालवतो.

पुसेसावळीकर

अण्णा, ताई, सगळ्यांना धन्यवाद. मी आमच्या सर्कलमधल्या गावांची नावं २०११ च्या लोकसंख्येसकट वहीत उतरवून काढली, आत्ताच संपली. चुलत्यांना फोन केला, ते म्हणाले फोटो पावसात काढ, उन्हाळ्यात तो रस्ता बरा दिसतो. वडूजच्या मैत्रिणीच्या वडिलांकडं त्या बाजूची यादी मिळेल. पुसेगाव भागाचं अजून कुणी नाही. येत्या रविवारी सकाळी १० ला वडूज एसटी स्टँडवर भेटूया का? तिथलं कुणी आहे का इथं?

बुधकर

मी आहे. नुसता वाचत होतो इतके दिवस. पुसेगाव, बुध दोन्ही सर्कलचं माझ्याकडं मिळेल, ग्रामपंचायतीत डेटा ऑपरेटर होतो. १० ला नको, पुसेगावहून गाडी उशिरा आहे, ११ ला येतो.